घाडीमामांच्या तसबिरी

सरकारी कार्यालयात थोर माणसांची जयंती साधारण चार मिनिटांत उरकते. टेबलावर पांढरं कापड, कापडावर तसबीर, तसबिरीला हार, समोर उदबत्ती. साहेब फूल वाहतात, मोबाइलवर फोटो निघतो, तो वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर जातो आणि मंडळी आपापल्या फायलींकडे वळतात. मी सध्या जिथे आहे तिथेही हे असंच होतं. त्यात मला फारसं वावगं वाटत नाही, कामं असतात लोकांना. पण उदबत्तीचा वास आला की मला मालवणातलं आमचं जुनं कौलारू कार्यालय आठवतं आणि हातात सोललेला नारळ धरलेले घाडीमामा दिसतात. तो नारळ ते लगेच फोडत नसत. कोणीतरी काहीतरी नेमकं बोलेपर्यंत फोडत नसत.

घाडीमामा म्हणजे आत्माराम घाडी, आमचे शिपाई. काळेसावळे, काटक, केस अगदी बारीक कापलेले. चष्म्याची एक दांडी तुटलेली होती, तिथे सुतळी बांधून ती कानामागे अडकवलेली. खांद्यावर कायम एक पांढरं धुवट फडकं. ते तसबिरींसाठी राखीव होतं. त्या फडक्याने टेबल पुसायला कोणी मागितलं तर मामा सरळ नाही म्हणत. कार्यालयात कोणी आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे, मग काम विचारायचे. खारेपाटणाहून आलेला माणूस असो की समोरच्या बाजारातला, पाणी आधी.

मी मूळची सातारकडची. नोकरीचा आदेश हातात घेऊन मालवणात आले तेव्हा माझ्या ओळखीचा तिथे समुद्रसुद्धा नव्हता. रुजू झाले त्याच दिवशी एक जयंती होती. फूल वाहून झाल्यावर साहेब म्हणाले, "नवीन मॅडम दोन शब्द बोलतील." माझी तयारी नव्हती, पण दोन शब्दांना तयारी कशाला लागते? मी म्हटलं, "त्या थोर समाजसुधारक होत्या. त्यांनी समाजासाठी फार मोठं कार्य केलं. त्यांचा आदर्श आपण डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे."

टाळ्या वाजल्या. नारळ काही फुटला नाही.

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "तेनी काय केल्यानी?"

"समाजकार्य," मी म्हटलं.

"समाजकार्य सगळ्यांनीच केल्यानी. ह्या बायेन काय केल्यान, ता सांगा."

माझे कान तापले. मी साहेबांकडे पाहिलं, तर ते छताचे वासे मोजत होते. तिथल्या जुन्या मंडळींना हे सवयीचं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला वाटलं, एक शिपाई मला सगळ्यांसमोर पाडतो आहे.

मामांनीच मग सांगितलं. "एक बाई होती. शाळेत शिकवूक जाताना पिशयेत रोज दुसरा लुगडा घेय. कित्या? तर वाटेत लोक शेण मारीत. शाळेत पोचली की लुगडा बदली आणि फळ्याकडे उभी रव्हा. असा एक दिस नाय, रोज." ते थांबले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज हयसर खुर्चेर बसतास, ता त्या दुसऱ्या लुगड्यामुळे."

मग त्यांनी नाव घेतलं, आणि नारळ फोडला.

नाव शेवटी, हा त्यांचा नियम होता. मी पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव आधी घेतला की माणसां हात जोडतत आणि कान बंद करतत. आधी काम सांगूचा. मगे नाव सांगला तर ता रवता." मीही इथे त्यांचाच नियम पाळते आहे. ज्यांच्याबद्दल ते बोलत त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेतच.

मामा दहावी नापास. पण दुपारी जेवण झालं की वाचनालयातून आणलेलं पुस्तक खिडकीत ठेवून वाचत आणि शर्टाच्या खिशातल्या चिठोऱ्यावर एखादी ओळ उतरवून घेत. मोठी वाक्यं, गौरवाचे शब्द त्यांना नको असत. त्यांना असले तपशील लागत: कोणी किती मैल चालत गेला, कोणाच्या घरच्यांनी त्याला बाहेर काढलं, कोणी पहिल्यांदा कोणाच्या पंगतीला बसून जेवला. महाराजांच्या जयंतीला तर ते जेट्टीवरून दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट दाखवून विचारीत, "ते दगड होडयेतून कोणी व्हायले?" कोणाला सांगता येत नसे. "माका पण ठावक नाय," ते म्हणत. "पण महाराजांका ठावक असतले. म्हणान ते महाराज."

समुद्र जवळ असल्यामुळे पावसाळ्यात तसबिरींना बुरशी धरायची. श्रावणात जरा ऊन पडलं की मामा सगळ्या तसबिरी उतरवून व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने मांडीत. दाखल्यासाठी आलेली माणसं बाकावर बसायला जात आणि दचकून मागे सरत. एकदा पेन्शनच्या कामाला आलेल्या एका आजीने परडीतली सगळी जास्वंदीची फुलं तिथेच एकेका तसबिरीला वाहून टाकली आणि देवाला काय नेऊ म्हणून मामांनाच विचारलं. मामांनी मागच्या बाजूला जाऊन तिला तगरीची ओंजळभर फुलं आणून दिली.

या तसबिरींवर त्यांचा एवढा जीव, आणि म्हणूनच वादळाचा दिवस मी विसरू शकत नाही.

वादळ येणार हे आदल्या दिवशीच समजलं होतं. पण एवढं येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास वारा असा सुटला की आवारातला माड कंबरेत वाकला, आणि थोड्याच वेळात रेकॉर्डच्या खोलीवरची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. कार्यालयात आम्ही तिघंच होतो, मी, मामा आणि एक वरिष्ठ लिपिक. रेकॉर्डच्या खोलीत लोकांच्या जमिनींच्या जुन्या दप्तरांचे गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले. वरून धो धो पाणी. आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या खोलीच्या भिंतीवर तसबिरी. त्या भिंतीची खिडकी वाऱ्याने उघडली होती.

मला वाटलं मामा तिकडे धावतील. ते रेकॉर्डच्या खोलीत शिरले. गठ्ठा डोक्यावर घ्यायचा, पलीकडच्या सिमेंटच्या खोलीत नेऊन टाकायचा, परत यायचं. आम्हीही लागलो. मोठ्या खोलीत काच फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा आला. मी म्हटलं, "मामा, तसबिरी!" ते म्हणाले, "गठ्ठो धरा." तिसरा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, पण पाय थांबले नाहीत.

दोन-अडीच तासांनी वारा जरा पडला. एकही दप्तर गेलं नव्हतं. मोठ्या खोलीत मात्र भिंतीवर फक्त खिळे उरले होते. फरशीवर पाणी, त्यात काचा, आणि काचांखाली ओळखीचे चेहरे ओले होऊन फुगलेले. मामा वाकून एकेक कागद उचलत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "निदान दोन-तीन तरी वाचवता आल्या असत्या."

"ह्येंच्यातलो एक तरी माका म्हणालो असतो काय, आधी माका उचल म्हणान?" मामा वर न बघता म्हणाले. "फोटो छापून गावतत, मॅडम. त्या बिचाऱ्यांच्या जमिनीचे कागद खंय गावतले?"

मामांनी ते भिजलेले कागद फेकले नाहीत. खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळून घरी नेले.

दप्तरं वाचल्याची गोष्ट तालुक्यात पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. मग तसबिरी यायला लागल्या. एका शेतकऱ्याने सायकलला बांधून आणली. मासळी विकणाऱ्या दोघी बायका एक मोठी तसबीर दोन बाजूंनी धरून घेऊन आल्या. एका शाळेने पाठवली, काजू कारखान्यातल्या बायकांनी पाठवली. कोणी कोणाला विचारून आणली नव्हती, त्यामुळे एकाच थोर पुरुषाच्या पाच तसबिरी झाल्या. मामांनी एक ठेवली आणि उरलेल्या चार अंगणवाड्यांना वाटल्या. देताना प्रत्येक अंगणवाडीताईला बजावलं, "भिंतीक लावून गप बसा नको. पोरांका गोष्ट सांगा."

मामांचं हे वेड एकदा खरंच उपयोगी पडलं. तालुक्यातल्या एका गावात नवीन सभागृह झालं आणि समोरच्या भिंतीवर मधोमध कोणाची तसबीर लावायची यावरून वरच्या आणि खालच्या वाडीत बोलणं बंद झालं. दोन्ही वाड्यांची दोन वेगळी दैवतं. एकमेकांच्या लग्नाला जाणं थांबलं. विहिरीवर बायकांची तोंडं फिरली. शेवटी समजूत घालायला साहेब गेले, मी आणि मामा बरोबर. मामांच्या पिशवीत हातोडी आणि खिळे.

सभागृहात आवाज चढले. वरच्या वाडीतले पांडूतात्या, सत्तरीचे गृहस्थ, काठी आपटून बोलत होते. खालच्या वाडीतला रमेश, रिक्षावाला, तरुण आणि तापट, टेबलावर हात मारत होता. साहेबांचं कोणी ऐकेना. तेव्हा मामा पुढे झाले.

"साहेब, माका वायच बोलाचा आसा." साहेबांनी मान हलवली. मामा म्हणाले, "दोनय फोटो मोठ्या माणसांचे. मी एक सांगतंय. पांडूतात्या, तुम्ही खालच्या वाडयेच्या फोटोबद्दल बोला. रमेश, तू वरच्या वाडयेच्या फोटोबद्दल बोल. आपल्या फोटोबद्दल नाय हां, दुसऱ्याच्या. जो चांगला बोलात, तेचो खिळो मधे."

पांडूतात्यांनी काठी खाली टेकवली. रमेश म्हणाला, "आता?"

"आत्ता येना नाय तर आठ दिसांनी."

आठ दिवसांत गावच्या छोट्या वाचनालयातली दोन पुस्तकं हातोहात फिरली असं ग्रंथपाल सांगत होता. ठरल्या दिवशी आधी पांडूतात्या उठले. नातीकडून कागदावर लिहून आणलं होतं. अर्ध्यावर आले आणि त्यांनी कागद खाली ठेवला. "ह्या माणसान आपल्या अंगणातलो पाण्याचो हौद सगळ्यांका उघडो केल्यान," ते म्हणाले. "त्या काळात. घरचे, जातवाले सगळे उलटले, तरी. ह्या माका ठावक नव्हता. सत्तर वर्सा झाली, माका कोणी सांगूक नाय." आणि ते बसले.

रमेश दोन वाक्यं बोलला आणि अडकला. घाम पुसला, खिशात कागद शोधला, सापडला नाही. मग म्हणाला, "म्होरला माका येना नाय. पण वाचतंय मी. पुस्तक माझ्याकडेच आसा." लोक हसले, आणि त्या हसण्यात दोन्ही वाड्या होत्या.

जिंकलं कोण ते मामांनी सांगितलंच नाही. त्यांनी एक तसबीर डावीकडे लावली, एक उजवीकडे. मधोमध साहेबांकडून मागून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ टांगलं. "आता भांडाण करूचा आसात तर घड्याळावांगडा करा," म्हणाले आणि पिशवी उचलली. जाताना कोणीतरी मागून कुरकुरलंच की उजवीकडचा खिळा बोटभर वर आहे. तो खरंच वर होता.

मामांची निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेब नवे होते. तरुण, हुशार, नियमाला पक्के. मामांनी महिनाभर आधी त्यांच्याकडे जाऊन एक मागणं केलं. निरोपाच्या दिवशी टेबलावर एक तसबीर ठेवायची होती.

"कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"जानकीकाकी म्हणान आमच्या वाडयेत होती, साहेब."

"सरकारी जयंत्यांच्या यादीत नाव आहे का?"

"नाय."

"मग अवघड आहे, मामा. आज तुमच्या काकींची ठेवली, उद्या आणखी कोणाची ठेवावी लागेल."

"बरा," मामा म्हणाले आणि बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. पुढचे तीन दिवस ते कामापुरतं बोलले. पाण्याचा तांब्या मात्र सगळ्यांपुढे गेला.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून विचारलं की या जानकीकाकी कोण. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. लहानपणीच विधवा झालेली बाई. माहेरी भावाकडून लिहायला शिकली आणि सासरच्या वाडीत येऊन, दुपारी भांडीकुंडी आवरली की गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने अक्षरं काढून बायकांना शिकवायची. मामांची आई त्यातली एक. साहेब पेन फिरवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "निरोप समारंभ हा काही सरकारी कार्यक्रम नाही. कार्यालयाची वेळ संपल्यावर हॉल मोकळाच असतो. त्यांना सांगा."

जानकीकाकीचा फोटो कधी निघालाच नव्हता. मामा त्यासाठी पिंगुळीला जाऊन आले होते आणि तिथल्या एका चित्रकथी काढणाऱ्या कलाकाराकडून चित्र करून घेतलं होतं. निरोपाच्या संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र सोडवून ते टेबलावर ठेवलं. त्या चित्रांची जी धाटणी असते तीच: चेहरा एका बाजूने, डोळा मोठा, ठसठशीत काळी रेघ, लुगडं लालसर. हात मात्र अंगाच्या मानाने मोठे आणि बोटं काळी कुळकुळीत. "तो माका विचारी, नाक कसा होता, कपाळ कसा होता," मामा म्हणाले. "माका कायच सांगूक येयना. हातच आठवत. कोळशान काळे झालेले."

एवढं बोलून ते थांबले. हातात नारळ. सगळे वाट बघत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना बोलायला लावणारा हा माणूस ओठ हलवत होता आणि शब्द फुटत नव्हता.

तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली त्यांची आई उठली. ऐंशीच्या पुढची, मुठीएवढी बाई, हिरव्या नऊवारीत. साहेबांसमोर उभी राहून, पण चित्राकडे बघत बोलायला लागली.

"माजो घोव मुंबयक गिरणीत. तेचा पत्र येय ता पोस्टमन वाचून दाखवी, खळ्यात उभो रवान, सगळ्यांदेखत. तब्येतीक जप म्हणान लिवलेला तरी आधी वाडयेक कळा, मगे माका. माका लाज वाटा. मगे काकीन शिकवल्यान. दोन पावसाळे लागले. आणि एक दिस पत्र इला, ता मी पोस्टमनाच्या हातातसून घेतलंय, आणि माडाखाली जावन एकटीन वाचलंय. पयला पत्र. ता फक्त माजा होता."

"काय लिहिलं होतं?" साहेबांनी हसत विचारलं.

म्हातारी लाजली. पदर तोंडाशी नेला. "ता मी आजून कोणाक सांगूक नाय. तुमकाय सांगूचंय नाय."

हॉलभर हसू पसरलं. साहेब तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मामांनी डोळे पुसले, त्याच पांढऱ्या फडक्याने, आणि नारळ फोडला. ते काही बोललेच नाहीत त्या दिवशी, आणि कोणाला त्यांचं भाषण राहून गेल्यासारखं वाटलंही नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. मामांची खबर अधूनमधून कळायची. आंब्याची कलमं लावली, कुणकेश्वरच्या जत्रेत दिसले, असं काहीबाही. मग गेल्या मार्गशीर्षात, सकाळी नऊच्या सुमारास, कणकवलीच्या एसटी स्टँडवर ते मला अचानक भेटले. नवीन चपला, इस्त्रीचा शर्ट, पायाशी दोन भरगच्च पिशव्या, आणि शेजारी मामी. मामींना मी पूर्वी एक-दोनदाच पाहिलं होतं. ठेंगण्या, हसऱ्या, कानाला स्कार्फ बांधलेला.

"खंय चाललात, मामा?" मी माझ्या मोडक्या मालवणीत विचारलं.

"पुण्याक. थंयसून तुमच्या साताऱ्याक, मगे कोल्हापूर करून घराक." ते जरा संकोचले. "आयुष्यभर मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगलंय, मॅडम. पण तेंचा घर, तेंची शाळा, एक कायव बघूक नाय. कोल्हापुराच्या पलीकडे गेलंयच नाय कधी. आता हिका घेवन बघून येतंय."

"दहा दिसांचा शिधा घेतलंय," मामी पिशव्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "थंय भाकरी खातत, तांदूळ गावता नाय गावता."

"साताऱ्यात तांदूळ मिळतो, मामी," मी म्हटलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी पिशवीतून सोलकढीसाठी कोकमाच्या आगळाची एक छोटी बाटली काढून माझ्या हातात कोंबली.

गाडी लागली. मामांनी सवयीने आधी दोन बायकांची गाठोडी वर चढवून दिली, एका म्हाताऱ्याला हात दिला, आपल्या पिशव्या फळीवर ठेवल्या आणि सीटच्या दांडीला धरून वाटेत उभे राहिले. मामी सरकून खिडकीची जागा सोडून बसल्या.

"बसा आता खिडकेत," त्या म्हणाल्या. "उभ्यानच आयुष्य गेला तुमचा."

खाली उभी राहून मी ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, बारा वर्षांत मी या माणसाला कार्यालयात बसलेलं पाहिलंच नव्हतं. शिपायाचं स्टूल होतं दाराशी, पण त्यावर रोज कोणीतरी लांबून चालत आलेलं म्हातारं माणूस बसलेलं असायचं.

मामांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं. उभं कोणी राहिलेलं नाही ना, याची खात्री केली. मग चपला सरळ केल्या आणि खिडकीशी जाऊन बसले.